जोडीदार गेल्यावर घर कुणाचं, कर्ज कुणाचं

माझा नवरा गेला तेव्हा घराच्या कर्जाचे अकरा वर्षांचे हप्ते बाकी होते. तेरावं व्हायच्या आत तीन फोन आले. एक गृहकर्जाच्या बँकेचा, एक सोसायटीच्या सेक्रेटरींचा आणि एक क्रेडिट कार्डाच्या वसुलीवाल्याचा. तिघेही मवाळ बोलले आणि तिघांनाही माझी सही हवी होती. त्यातली एक मी देऊन बसले. ती निस्तरायला सात महिने गेले, आणि त्या सात महिन्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायटीत फ्लॅट आहे, त्यावर कर्ज आहे आणि मृत्युपत्र केलेलं नाही, असं घर डोळ्यांसमोर ठेवून मी लिहिते आहे. हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना हिंदू वारसा कायदा १९५६ लागू होतो. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत हिस्से वेगळे पडतात, पण कागदांची धावपळ साधारण सारखीच.

१. मृत्यूचा दाखला: प्रती भरपूर घ्या

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर ते कळवतात, घरी झाला असेल तर घरच्यांनी कळवायचं. दाखल्यावरचं नाव आधार कार्ड, पॅन कार्ड आणि फ्लॅटच्या करारनाम्यातल्या नावाशी अक्षर अन् अक्षर जुळतंय का ते खिडकीवरच पाहा. आमच्याकडे करारनाम्यात वडिलांचं पूर्ण नाव होतं आणि दाखल्यात नुसतं आद्याक्षर. तेवढ्यासाठी 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र चार ठिकाणी द्यावं लागलं.

मी पाच प्रती घेतल्या होत्या, त्या दोन आठवड्यांत संपल्या. दहा-पंधरा घ्या, आणि एक मूळ प्रत कुणालाही द्यायची नाही असं ठरवून कपाटात ठेवा.

२. पहिल्या महिन्यात काय करायचं नाही

नवऱ्याच्या एटीएम कार्डाने किंवा फोनवरून पैसे काढू नका. पिन माहीत असतो, घरात खर्च असतो, सगळं समजतं. पण मृत्यूनंतर खात्यातून गेलेल्या प्रत्येक रकमेचा जाब बाकीचे वारस विचारू शकतात. बँकेला कळवा, खातं रीतसर दाव्यात टाका. संयुक्त खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' असं असेल किंवा नॉमिनी नोंदवलेला असेल, तर बँकेने न्यायालयाचा वारस दाखला मागायचा नसतो. सगळे कागद दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

त्याचं सिमकार्ड बंद करू नका. मला ठाऊक नसलेल्या दोन विमा पॉलिसी आणि एक छोटं कर्ज मला त्या फोनवर येणाऱ्या मेसेजांमुळे कळलं. निदान वर्षभर तो नंबर चालू ठेवा, कारण वर्षातून एकदाच हप्ता जाणाऱ्या गोष्टींची आठवणही वर्षातून एकदाच येते.

आणि सही करू नका. 'नुसती पोच आहे हो, ताई' म्हणणाऱ्याच्या कागदावरही नाही. फोटो काढून घ्या, 'वाचून कळवते' म्हणा.

३. कर्जांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा: माझी सही आहे की नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून थोडं सविस्तर.

बायको म्हणून नवऱ्याचं कर्ज तुमच्या डोक्यावर आपोआप येत नाही. मयताच्या देण्याला वारस जबाबदार असतो तो वारशात जेवढी मालमत्ता हाती आली तेवढ्यापुरताच. दिवाणी प्रक्रिया संहितेतली कलमं ५० आणि ५२ हेच सांगतात. तुमचा पगार, तुमचं स्त्रीधन, तुमच्या नावावरची ठेव त्यात येत नाही. मात्र कर्जाच्या कागदावर तुमचीही सही असेल तर चित्र पालटतं. तिथे तुम्ही वारस म्हणून नाही, स्वतःच्या शब्दाला बांधलेल्या म्हणून उभ्या असता.

वहीत चार रकाने करा.

पहिल्यात फक्त त्याच्या सहीची, तारण नसलेली कर्जं: क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, फोनवरच्या ॲपमधून घेतलेलं झटपट कर्ज. देणेकरी, म्हणजे ज्याचं देणं आहे तो, फक्त नवऱ्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेवर हक्क सांगू शकतो. यात एक मेख आहे आणि ती वसुलीवाले सांगत नाहीत, तसे दिलासा देणारे नातेवाईकही सांगत नाहीत: त्या मालमत्तेत घरातला त्याचा हिस्साही मोडतो. म्हणजे 'कार्डाचे पैसे बुडाले, विसरा' हेही खरं नाही.

दुसऱ्यात तारणाची कर्जं: घर, गाडी, सोनं. इथे देणेकऱ्याचा हक्क वस्तूवर बसलेला आहे. माणूस गेला तरी बोजा जात नाही. सोनं किंवा गाडी सोडवायची की जाऊ द्यायची, हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न आहे. बाकी कर्ज वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर हट्टाने सोडवू नका.

तिसऱ्यात तुम्ही सहकर्जदार असलेली. गृहकर्ज बहुधा इथेच येतं, कारण बँका नवरा-बायको दोघांच्या सह्या घेतात. हे पूर्ण कर्ज आता तुमचं आहे, अर्धं नव्हे.

चौथ्यात तुम्ही जामीनदार असलेली. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. दिराच्या नाहीतर मित्राच्या कर्जाला नवऱ्याने जामीन राहताना तुमचीही सही घेतली होती का, ते शोधा.

आता माझ्या सहीबद्दल. कार्डाच्या वसुलीवाल्याने 'हप्ते पाडून देतो' म्हणत एक अर्ज पुढे केला. त्यात लिहिलं होतं की सदर थकबाकी मी स्वतः फेडण्याचं मान्य करते. म्हणजे पहिल्या रकान्यातलं कर्ज मी माझ्या हाताने तिसऱ्यात नेऊन ठेवलं. शिवाय अशा कर्जाचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि मुदत संपण्याआधी दिलेल्या लेखी कबुलीने ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. मी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं: मृत्यूनंतर किती दिवसांत सही घेतली, काय सांगून घेतली, आणि नवऱ्याने मागे काय ठेवलं आहे त्याची यादी. तीन स्मरणपत्रांनंतर तो अर्ज रद्द झाला. दंड-व्याज वगळून मूळ रकमेवर तडजोड झाली आणि ती मी त्याच्याच एफडीतून भरली. तडजोडीचं पत्र आधी आणि पैसे नंतर, हा क्रम सोडू नका.

बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. असे फोन आले तर वेळेसकट लिहून ठेवा, तक्रारीत कामाला येतात.

हातउसन्याचं काय? त्याच्याकडून ज्यांना येणं होतं ते सगळे आठवणीने भेटायला आले. त्याचं ज्यांच्याकडे येणं होतं त्यांतला एकच आला. दोन्ही बाजूंना एकच उत्तर ठेवा: चिठ्ठी, मेसेज, बँकेतली नोंद, काहीतरी दाखवा, मग बोलू.

४. हप्ता थांबू देऊ नका

हप्ता त्याच्या खात्यातून कापला जात असेल, तर बँकेला मृत्यू कळवला की खातं गोठतं आणि हप्ता चुकतो. सहकर्जदार असाल तर आधी स्वतःच्या खात्यातून हप्ता जाण्याची सोय करा. ९० दिवस थकला की कर्ज बुडीत वर्गात जातं, आणि मग सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस निघू शकते. कर्जावर विमा असेल (त्याबद्दल पुढच्या मुद्द्यात) आणि त्याचा दावा चालू असेल, म्हणून हप्ता थांबवायचा नसतो. दावा मंजूर झाला की मधल्या काळातल्या जास्तीच्या हप्त्यांचा हिशेब लेखी मागा.

झेपतच नसेल तर चुकण्याआधी शाखेत जा. मुदत वाढवून हप्ता लहान करता येतो का, हे थकबाकी नसलेल्या माणसाने विचारलं की बोलणं वेगळ्या सुरात होतं.

५. पैसे कुठे कुठे अडकले आहेत ते शोधा

गृहकर्जाचं मंजुरीपत्र काढा. त्यात एकरकमी विमा हप्ता कर्जातच मिळवलेला आहे का ते पाहा. पुष्कळ घरांत असा कर्जसुरक्षा विमा असतो आणि कुणालाच आठवत नसतो. असेल तर उरलेलं कर्ज, किंवा त्यातला बराचसा भाग, विमा कंपनी बँकेला देते. सहकर्जदारांपैकी कुणाच्या आयुष्यावर विमा होता हे नीट वाचा. दोघांच्या नावावर कर्ज आणि एकाच्याच नावावर विमा, असं सर्रास असतं.

पासबुकात मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये किंवा २० रुपये कापल्याची नोंद आहे का बघा. पहिली प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, दुसरी अपघाताची सुरक्षा विमा योजना. दोन्हींत २ लाख रुपये मिळतात, सुरक्षा योजनेत अर्थातच मृत्यू अपघाती असेल तरच.

नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर भविष्यनिर्वाह निधीबरोबर विधवा निवृत्तिवेतन आणि ईडीएलआय, म्हणजे या निधीला जोडलेला जीवन विमाही मागा. या विम्याची कमाल रक्कम ७ लाख आहे आणि त्यासाठी वेगळा हप्ता भरलेला नसतो, त्यामुळे लोक तो मागतच नाहीत. फॉर्म तीन: निधीसाठी २०, निवृत्तिवेतनासाठी १०-डी, विम्यासाठी ५-आयएफ.

हे पैसे हाती आले की पहिला मोह कर्जावर ओतण्याचा होतो. थांबा. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीवर देणेकऱ्यांना जप्ती आणता येत नाही. नवऱ्याने बायको-मुलांच्या हितासाठी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेली पॉलिसीही त्याच्या देणेकऱ्यांपासून सुरक्षित असते. पॉलिसीच्या कागदावर तसा शेरा शोधा. उलट पॉलिसी बँकेच्या नावे लिहून दिलेली असेल तर आधी बँकेचे पैसे वळते होतात.

विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे नाव आणि पॅन घालून अनेक बँकांत एकदम शोधता येतं.

६. वारस कोण, ते कागदावर मांडा

इथे बहुतेकांना धक्का बसतो. हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांना समान हिस्सा मिळतो. आधी हिस्सा मिळणाऱ्या वारसांच्या पहिल्या वर्गात वडील नाहीत, आई आहे. बायको गेली तर नवरा आणि मुलं समान वारस, तिच्या आईला त्या फळीत जागा नाही. मला हे पटत नाही, पण कायदा असा आहे. मुस्लिम कायद्यात मुलं असतील तर विधवेला एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश.

'फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, म्हणजे आता माझाच' हा दुसरा गैरसमज. आमचं उदाहरण घ्या. निम्मं घर मुळात माझं. त्याच्या निम्म्याचे चार वाटे: मी, दोन मुलं, सासूबाई. म्हणजे माझे आठात पाच आणि बाकी तिघांचा प्रत्येकी आठात एक.

तिसरा गैरसमज नॉमिनीचा. नॉमिनी हा मालक नव्हे, वारसांच्या वतीने सांभाळणारा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सोसायटीने नामनिर्देशन मानून नॉमिनीच्या नावे हस्तांतर करावं, पण त्याने मालकीचा वाद मिटत नाही. तो दिवाणी न्यायालयात मांडता येतो.

कुणीतरी मला म्हणालं होतं, पुन्हा लग्न केलंस तर हिस्सा जाईल. असं होत नाही. मिळालेला हिस्सा तुमच्या पूर्ण मालकीचा असतो.

७. सोसायटीचं काम

नॉमिनी असाल तर सहा महिन्यांच्या आत अर्ज द्या. २०१९ च्या दुरुस्तीने सहकारी संस्था कायद्यात १५४ ब-१३ हे कलम आलं. त्यानुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरतं सभासद केलं जातं. कायम सभासदत्वासाठी मृत्युपत्र, न्यायालयाचा वारस दाखला किंवा सगळ्या वारसांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांपैकी काहीतरी लागतं. नामनिर्देशनच नसेल तर सोसायटी फलकावर आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस देऊन हरकती मागवते.

फाइलमध्ये हे लावा:
मृत्यूचा दाखला, मूळ भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), करारनामा आणि सूची दोनची (इंडेक्स टू, दस्तनोंदणीचा उतारा) प्रत, सगळ्या वारसांची आधार-पॅन, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, बाकी वारसांची ना-हरकत, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे वाद निघून सोसायटीचं नुकसान झालं तर भरून देण्याची हमी), घर गहाण असेल तर बँकेला दिलेल्या पत्राची पोच.

शुल्क किती? हस्तांतराचे ५०० आणि प्रवेश फी १००. आमच्या सोसायटीने २५,००० रुपये अधिमूल्य (हस्तांतराचा प्रीमियम) मागितलं. आदर्श उपविधींत वारस किंवा नॉमिनीकडून अधिमूल्य घेऊ नये असं स्पष्ट आहे. तेवढं पान छापून अर्जाला जोडलं, विषय संपला. 'स्वेच्छा देणगी' म्हटलं तरी तेच पान दाखवायचं.

८. हक्कसोडपत्र: घाई करू नका

सासूबाई किंवा मोठं मूल आपला हिस्सा सोडायला तयार असेल तर हक्कसोडपत्र करतात. ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलंच हवं. नोटरीच्या शिक्क्यावर केलेलं हक्कसोडपत्र घर विकायच्या दिवशी निरुपयोगी ठरतं, आणि तोवर सोडणारी व्यक्ती हयात नसेल तर तिचे सगळे वारस गोळा करत बसावं लागतं.

अज्ञान मुलाचा हिस्सा आई सोडू शकत नाही. तो विकायला किंवा नव्याने गहाण टाकायला १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे न्यायालयाची आगाऊ परवानगी लागते. माझा धाकटा तेव्हा १५ वर्षांचा. 'एवढं कोण बघतं' असं एजंट म्हणाला. मूल सज्ञान झाल्यावर ते स्वतः बघू शकतं आणि व्यवहार रद्द करून मागू शकतं, म्हणून खरेदीदाराचा वकीलही बघतो. आम्ही विकायचा विचार तीन वर्षं पुढे ढकलला.

आणि एक. सासूबाईंपुढे कागद ठेवण्याआधी त्या कुठे राहणार, त्यांच्या औषधांचं कोण बघणार, हे बोलून घ्या. मुलगा गेलेल्या बाईला आपण हक्क सोडायला सांगत असतो. आमच्या सासूबाई हो म्हणाल्या, पण मी विचारलं होतं सहाव्या महिन्यात, सहाव्या दिवशी नाही.

९. बँकेतलं नाव आणि मूळ कागद

वारसांची नावं कर्जखात्याला कळवा, व्याजदर आणि उरलेली रक्कम लेखी घ्या. कर्ज पूर्ण फिटलं की मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची आणि बोजा काढायचा, हे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केलं आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कर्जदार मयत असला तरी कागद वारसांना कसे देणार याची पद्धत बँकेकडे ठरलेली असायला हवी. ती आधीच मागून ठेवा.

१०. सरकारी दप्तर

गावची जमीन किंवा घर असेल तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा. ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरही देता येतो. फेरफार नोंदीवर हरकतीसाठी १५ दिवस असतात. शहरात मिळकत पत्रिकेसाठी नगर भूमापन कार्यालय. घरपट्टी आणि वीजजोडणीचं नाव सोसायटीचं काम झाल्यावर सहज होतं, त्यासाठी आधी रांगा लावू नका.

मृत्यूच्या वर्षातलं त्याचं आयकर विवरणपत्र वारस म्हणून तुम्हाला भरावं लागतं. आयकर संकेतस्थळावर आधी वारस म्हणून नोंदणी करा. कराची जबाबदारीही वारशात आलेल्या मालमत्तेपुरतीच. आमच्याकडे उलट परतावा मिळाला.

११. आता तुमचे स्वतःचे कागद

वर्षभराने माझी बँक पासबुकं चाळताना लक्षात आलं, सगळीकडे नॉमिनी म्हणून अजून नवराच होता. एका दुपारी बसून सगळं बदललं. मग मृत्युपत्र केलं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर चालतं, फक्त दोन साक्षीदारांसमोर सही हवी, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. माझं भाग प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये ठेवलं आहे, आणि फाइल कुठे आहे ते मोठ्या मुलीला दाखवून ठेवलं आहे.